लेखणी भाड्याची, डोळे घरचे



शेतकऱ्याला हिशेब कळत नाही, असे सांगणाऱ्यांची शंभर वर्षे चंगळ झाली. हे सांगणे खोटे आहे. कपाशीच्या एका वावराला डवरणीचे किती फेर लागले, वेचाईला किलोमागे काय द्यावे लागले, ज्वारीचा कडबा विकून बैलाच्या पेंडीचा किती भाग निघाला, हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाईला वही न उघडता सांगता येते. आपल्याला हिशेब कळतो. आपण तो लिहीत नाही, आणि दुसऱ्याने लिहिलेला वाचत नाही. लुटीला एवढी फट पुरते.

आज हा विषय काढण्याचे कारण आहे. आता आपल्या स्वतःच्या कंपन्या झाल्या आहेत. कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीचे वेगळे प्रकरण २००२ च्या दुरुस्तीने आले आणि २००३ पासून अमलात आले. दहा शेतकरी एकत्र आले की कंपनी काढता येते. शेअर कितीही असोत, मत एकच. पुढे २९ फेब्रुवारी २०२० ला केंद्र सरकारने देशभर दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची ६,८६५ कोटींची योजना सुरू केली. त्या योजनेत एका संस्थेला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत खर्च मिळतो. त्यातूनच व्यवस्थापकाला महिना २५ हजारांपर्यंत आणि हिशेबनिसाला १० हजारांपर्यंत पगार देण्याची सोय आहे.

तीन वर्षे सरतात, सरकारी पगार बंद होतो, हिशेबनीस दुसरी नोकरी धरतो. मग संचालक मंडळापुढे प्रश्न येतो, की आता वह्या कोणी लिहायच्या? कोणीतरी सुचवतो, "अकोल्याला एक ऑफिस आहे, महिन्याचे ठरावीक पैसे घेतात, सगळे तेच पाहतात." सगळे सुटकेचा श्वास टाकतात, ठराव होतो, चहा होतो. अकोट तालुक्यातल्या कंपनीची कीर्द-खतावणी अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कुठल्याशा संगणकात जाऊन बसते.

हे बरोबर की चूक? त्या वाक्यातले पहिले अर्धे बरोबर आहे. "सगळे तेच पाहतात" हे दुसरे अर्धे घातक आहे.

काम बाहेर देण्यात पाप नाही

बाहेरून काम करून घेणे म्हणजे परावलंबन, असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत आपण बसू नये. आपण काय प्रत्येकजण घरचा ट्रॅक्टर ठेवतो? नांगरटी भाड्याने होते, फवारणी रोजंदारीने होते, सरकी काढायला कापूस जिनात जातो. जो माणूस एक काम रोज करतो तो ते स्वस्तात आणि नीट करतो. हा बाजाराचा साधा नियम आहे आणि तो शेतकऱ्याच्या सोयीचा आहे.

मोठ्या कंपन्यांनीही हेच केले. ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीने १९९१ मध्ये उत्तर समुद्रातील आपल्या कामाचे हिशेब लिहिण्याचे काम अँडरसन कन्सल्टिंग या बाहेरच्या कंपनीकडे सोपवले. ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीने १९९६ मध्ये आपल्या कचेरीच्या कामासाठी मुंबईत शाखा उघडली. तीच पुढे डब्ल्यूएनएस नावाची वेगळी कंपनी झाली, पुणे-नाशकापर्यंत पसरली आणि जगभरच्या कंपन्यांचे हिशेब लिहू लागली. आपल्याकडची बी.कॉम. झालेली पोरे तिथे परदेशी कंपन्यांची बिले तपासतात. लंडनची कंपनी आपल्या वह्या पुण्यात लिहून घेते, तर अकोटच्या कंपनीने अकोल्यात लिहून घेतल्या म्हणून आकाश कोसळत नाही.

ज्या कंपनीचा सारा व्यवहार दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो, तिने बारा महिने पगारी हिशेबनीस बसवून ठेवावा, हा हट्टही परवडणारा नाही. तेव्हा काम बाहेर द्या. पण देताना काय दिले आणि काय राखले, याचा विचार करा.

नांगर भाड्याने, सातबारा घरात

ट्रॅक्टरवाल्याला आपण वावर नांगरायला देतो, सातबारा देत नाही. हिशेबाच्या कामात नेमकी हीच गफलत होते.

कंपनीच्या कागदांवर आता संचालकाची सही संगणकावर होते. त्यासाठी बोटाएवढे एक यंत्र मिळते, त्यात ती डिजिटल सही असते. हे यंत्र आणि त्याचा परवलीचा शब्द ज्याच्याकडे, त्याच्याकडे तुमची सही. हे यंत्र किती संचालकांच्या स्वतःच्या घरात आहे? बरेच ठिकाणी ते हिशेब लिहिणाऱ्याच्या टेबलाच्या खणात असते, कारण "साहेब, दर वेळी अकोल्याला कुठे येता?" मोबाइलवर आकडा येतो, तिकडून फोन येतो, संचालक तो आकडा वाचून दाखवतो. कशासाठी, हे विचारत नाही.

आपले आजे-पणजे सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवत होते, म्हणून आपण त्यांना अडाणी म्हणतो. त्यांना निदान अंगठा उठवायला सावकाराच्या ओट्यावर जावे लागे. आपण आपला अंगठाच कापून दुसऱ्याच्या खणात ठेवून आलो. खणातला माणूस प्रामाणिक असेलही, बहुतेक असतातच. पण ज्या व्यवस्थेत समोरचा प्रामाणिक निघावा म्हणून देवाला नवस करावा लागतो, ती व्यवस्था नव्हे.

वही ज्याची, शेत त्याचे

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला आणि तिथून दख्खनचा दंगा सुरू झाला. जमावांना हवे होते ते सावकाराकडचे कर्जरोखे आणि कागद. ते मिळाले तिथे जाळले. शेत कशाने गेले, हे त्या निरक्षर माणसांना पक्के ठाऊक होते. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कुळाला भरण्याची पावती मिळाली पाहिजे, दर साल खात्याचा उतारा मिळाला पाहिजे, मागितल्यास पासबुकात हिशेब लिहून मिळाला पाहिजे, असे त्या कायद्यात घातले. लिहायचे सावकारानेच, पण कुळाला बघायचा हक्क, एवढा त्याचा अर्थ.

आपल्या वऱ्हाडातही हीच गोष्ट कापसाच्या बाजारात घडली. माप आणि हिशेब दोन्ही दलालाच्या हातात होते. कारंज्याला १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा खास कायदा आला. देशातल्या बाजार समित्यांची ही सुरुवात मानतात. त्या समित्यांचे पुढे काय झाले तो वेगळा विषय. पण सुरुवात काटा कोणाचा आणि काटापट्टी कोण लिहिणार, या तंट्यातून झाली होती.

नंतर १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली. तीस वर्षे आपला कापूस सरकारी काट्यावर गेला. प्रत कोणती, कपात किती, चुकारा कधी, चढउतार निधीत काय राहिले, हे सारे मुंबईत लिहिले गेले. शेतकऱ्याने हातातली चिठ्ठी घेऊन चुकाऱ्याची वाट पाहिली. सावकार गेला, दलाल गेला, सरकार आले, तरी वही दुसऱ्याचीच राहिली.

आपली सेवा सहकारी सोसायटी तरी कुठे वेगळी आहे? तिची दप्तरे गटसचिव लिहितो. एका सचिवाकडे चार-पाच सोसायट्या. त्याची नेमणूक आणि बदली वरून होते, म्हणून त्याचे तोंड वरच्याकडे आणि पाठ सभासदाकडे. म्हणजे हिशेबाचे काम बाहेर देणे आपल्याला नवे नाही. सोसायटीच्या जन्मापासून आपण तेच करतो आहोत, आणि वर्षाच्या सभेत न वाचता "मंजूर" म्हणतो आहोत. २९ जून २०२२ ला केंद्राने २,५१६ कोटींची योजना करून ६३ हजार सोसायट्या संगणकावर आणायचे ठरवले. चांगले आहे. पण संगणक आला म्हणून सभासदाच्या हातात उतारा पडला असे होत नाही. कालपर्यंत सचिव म्हणे, "दप्तर घरी राहिले", उद्या म्हणेल, "सर्व्हर बंद आहे."

नागपूरचा धडा

न बघता सोपवले तर काय होते, याचा दाखला विदर्भातच आहे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने २००१-०२ च्या सुमारास सरकारी रोखे विकत घेण्यासाठी खाजगी दलाल कंपन्यांना पैसे दिले. होम ट्रेड ही त्यातली गाजलेली. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. २००२ मध्ये प्रकरण बाहेर आले तेव्हा व्याजासकट दीडशे कोटींच्या घरातली रक्कम अडकली होती. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही याच कंपनीच्या नादाने पोळल्या. खटला वीस वर्षांवर चालला. २२ डिसेंबर २०२३ ला नागपूरच्या न्यायालयाने बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि इतर काहींना पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्यावर अपील झाले.

कोण दोषी, कोण निर्दोष, ते न्यायालये ठरवतील. आपण एकच साधा प्रश्न विचारू. रोखा विकत घेतला तर रोखा कुठे आहे, हे त्या वर्षी किती सभासदांनी विचारले? घरात गाय आणली म्हणून कोणी सांगितले तर आपण गोठ्यात जाऊन पाहतो. बँकेने कोट्यवधींचे रोखे आणले तर गोठा बघायला कोणी गेला नाही. पैसा मुंबईच्या दलालाने बुडवला, पण पीककर्जाच्या खिडकीवर उभा होता काटोल-सावनेरचा शेतकरी.

कोणी म्हणेल, आम्ही नामांकित ऑफिस धरतो. नावाने काही होत नाही. सत्यम कॉम्प्युटर्सचे हिशेब जगात नावाजलेल्या साखळीतले हिशेबतपासनीस तपासत होते. ७ जानेवारी २००९ ला मालकाने स्वतः पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदातली पाच हजार कोटींवरची शिल्लक बँकेत नाहीच.

कायदा कोणाला धरतो?

हिशेब लिहिणारा चुकला तर कायदा त्याला नाही, संचालकाला धरतो. वर्षाचा ताळेबंद आणि विवरणपत्र मुदतीत दाखल झाले नाही तर २०१८ च्या जुलैपासून एका पत्रकाला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागते. दोन पत्रके वर्षभर राहिली तर ७३ हजार रुपये झाले. दहा-दहा रुपयांचे शेअर गोळा करून उभ्या राहिलेल्या कंपनीचे भांडवल असे गुपचूप गळून जाते. सलग तीन वर्षे विवरण गेले नाही तर संचालक पाच वर्षे कोणत्याही कंपनीत संचालक होऊ शकत नाही. २०१७ मध्ये देशभरात तीन लाखांवर संचालक या कलमाने अपात्र ठरले. "आमचा माणूस बघत होता" हे उत्तर कोणाचेच चालले नाही.

त्याच कायद्यात आपल्या कामाच्या गोष्टीही आहेत. उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी ठेवावा लागतो आणि वह्या नीट ठेवणे हे त्याचे काम आहे. ते बाहेरच्या ऑफिसवर ढकलता येत नाही. कंपनीचा वैधानिक हिशेबतपासनीस कंपनीच्या वह्या लिहू शकत नाही, म्हणजे लिहिणारा एक आणि तपासणारा दुसराच पाहिजे. वह्या बाहेरच्याच्या संगणकात असतील तर त्याचे नाव आणि ठिकाण दर वर्षी निबंधकाला कळवावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी असाच हिशेबाचा संगणक कार्यक्रम वापरायचा आहे, की ज्यात कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहील आणि ती पुसता येणार नाही. वार्षिक सभेची नोटीस निदान चौदा दिवस आधी, आणि तपासलेल्या ताळेबंदासकट, सभासदाला मिळाली पाहिजे. १८७९ च्या कुळाला जे मिळाले होते त्यापेक्षा हे पुष्कळ आहे. मागणारा पाहिजे.

शहरातल्या कारकुनाला न दिसणारे

आकडे जुळले म्हणजे हिशेब खरा, असे नाही. समजा कंपनीने हजार क्विंटल कापूस घेऊन जिनात दिला. रुईचा उतारा ३४ टक्के पडला, वहीत ३३ लागला, बाकीचे घटीत दाखवले. अकोल्यातल्या कारकुनाच्या दृष्टीने सारे बरोबर. जमा आणि नावे जुळले. पण एक टक्का म्हणजे दहा क्विंटल रुई. ३५६ किलोची खंडी. ५५ हजार रुपये खंडी असा भाव धरला तर दीड लाखावर रुपये घटीत उडाले. यंदा बोंड कसे भरले, उतारा किती पडायला हवा, हे त्या कारकुनाला कसे कळणार? ते वावरात उभ्या असलेल्या सभासदालाच कळते. म्हणून वाचायचे काम बाहेर देता येत नाही.

उलट काही गोष्टी आपल्याला ठाऊक नसतात आणि तिथे जाणकार लागतोच. १५ नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराने त्यावरचा पाच टक्के जीएसटी स्वतः भरायचा असतो, शेतकऱ्याने नाही. आपली कंपनी सभासदांचा कापूस घेते तेव्हा ती खरेदीदार असते. पन्नास लाखांच्या खरेदीवर अडीच लाख आधी रोख भरायचे, मग वजावट मिळवायची. हे राहून गेले तर १८ टक्क्यांनी व्याज, म्हणजे साल भराचे ४५ हजार. शंभर रुपये कमी घेणारा पण कापसाच्या व्यापाराचा गंध नसलेला माणूस असा महाग पडतो. तेव्हा स्वस्त ऑफिस शोधताना त्याने पूर्वी जिनिंगचे किंवा कापूस खरेदीचे हिशेब लिहिले आहेत का, हे आधी विचारा.

मग करायचे काय?

एकेकट्या कंपनीने अकोल्याला हात जोडत जाण्यापेक्षा तालुक्यातल्या पाच-सात कंपन्यांनी मिळून अकोटातच हिशेबाचे एक सामायिक ऑफिस का थाटू नये? वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली आपलीच मुले-मुली गावोगाव बसून आहेत. त्यांना बाजारभावाने पगार द्या, वरून एखादा जाणता सनदी लेखापाल ठरवा. काम बाहेरचेच राहील, पण जाब विचारायला एसटीचे तिकीट लागणार नाही. गटसचिवांच्या रचनेत झाली ती चूक मात्र टाळा. पैसे देणार कंपन्या, तर नेमणार आणि काढणारही कंपन्याच.

हे होईपर्यंत ज्यांनी काम बाहेर दिले आहे त्यांनी एवढे करावे. करार लेखी करा. कोणते पत्रक कोणत्या तारखेला भरायचे आणि चुकले तर दंड कोणी सोसायचा, हे त्यात लिहा. डिजिटल सहीचे यंत्र आजच घरी आणा. बँकेतून पैसे काढण्याचा अधिकार हिशेब लिहिणाऱ्याला कधीही देऊ नका. वह्यांची एक प्रत दर महिन्याला कंपनीच्या कचेरीत आली पाहिजे, म्हणजे उद्या ऑफिस बदलायचे झाले तर आपलीच वही सोडवायला खंडणी द्यावी लागणार नाही.

महिन्याच्या दहा तारखेला एक पान मराठीत मागा. त्यावर पाच आकडे बस झाले. बँकेत शिल्लक किती, गोदामात माल किती, कोणाकडून येणे किती, कोणाचे देणे किती, सरकारचे काय भरायचे राहिले. ते पान कचेरीच्या दारावर लावा. बँकेचा आकडा पासबुकाशी आणि मालाचा आकडा गोदामात जाऊन ताडून पाहायला दर महिन्याला दोन नवे सभासद पाठवा, त्यात एक बाई असू द्या. संचालकांचे नातेवाईक नकोत.

जिल्ह्याच्या या बैठकीला येताना प्रत्येक कंपनीच्या आणि सोसायटीच्या सभासदाने पाच प्रश्नांची उत्तरे घेऊन यावे:

१. आमच्या वह्या कोण लिहितो आणि त्या आज कुठे आहेत?

२. संचालकांची डिजिटल सही कोणाच्या घरात आहे?

३. लिहिणारा आणि तपासणारा वेगवेगळे आहेत का?

४. मागच्या सालचे विवरण दाखल झाले का, आणि त्याची पोच कोणी डोळ्यांनी पाहिली?

५. मागच्या वार्षिक सभेत ताळेबंद किती जणांनी वाचला?

ज्यांना पाचही उत्तरे देता येतील त्यांनी व्यासपीठावर येऊन इतरांना शिकवावे. ज्यांना एकही देता येणार नाही त्यांनी लाजू नये. परत गेल्यावर कंपनीच्या कचेरीत जाऊन मागच्या महिन्याचे पान मागावे. सभासदाला ते मागायला कोणाची परवानगी लागत नाही.